ब्रिटनमध्ये पगारी स्टुडंट ॲम्बॅसडर: फॉर्मपासून पगाराच्या स्लिपपर्यंत

ऑक्टोबर उजाडला की आमच्या मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: "ॲम्बॅसडरचा फॉर्म आलाय, भरू का?" भराच. स्टुडंट ॲम्बॅसडर म्हणजे येऊ पाहणाऱ्या मुलांना आपल्या विद्यापीठाची ओळख करून देणारा पगारी विद्यार्थी. काम कॅम्पसवर, पैसे तासावर, लेक्चर बघून शिफ्ट घेता येते. पण निवड होऊनही काही जण पहिल्या शिफ्टपर्यंत पोचत नाहीत, आणि पोचलेल्यांपैकी काही व्हिसाच्या तासांत अडकतात. इंग्रजी कच्चं म्हणून कुणाचं अडलेलं मी फारसं पाहिलं नाही. घोडं पेंड खातं ते कागदांच्या क्रमात आणि सोमवार ते रविवारच्या बेरजेत.

उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एमएस्सी करताना मी हे काम केलं. पुढचं सगळं स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा पदव्युत्तर पूर्णवेळ कोर्सला आलेल्यांसाठी आहे. फाउंडेशन कोर्सवाल्यांनी पुढे जिथे आठवड्याच्या कामाची मर्यादा २० तास लिहिलीय तिथे १० वाचावं.

टप्पा १: नक्की कोणतं काम घेताय?

आपल्याकडे 'कॅम्पस ॲम्बॅसडर' म्हणजे फेस्टिव्हलचे पास खपवा, स्टार्टअपचं ॲप चार मित्रांच्या फोनवर टाका आणि शेवटी एक सर्टिफिकेट घ्या. इथलं काम वेगळं आहे. तुम्ही विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असता. ओपन डेला, म्हणजे विद्यापीठ बघायच्या दिवशी, आलेल्यांना कॅम्पस दाखवणं, ऑफर मिळालेल्यांशी फोनवर किंवा चॅटवर बोलणं, शाळांमध्ये जाणं, सप्टेंबरात नव्या मुलांना विमानतळावर घ्यायला जाणं, ऑगस्टमध्ये क्लिअरिंगची, म्हणजे उरलेल्या जागांच्या प्रवेशाची, फोनलाइन सांभाळणं, असं त्याचं स्वरूप. करार बहुधा 'झिरो अवर्स' पद्धतीचा असतो: काम असेल तर बोलावतील, नसेल तर नाही. त्यामुळे या पैशावर घरभाड्याचं गणित मांडू नका. नोव्हेंबरात शिफ्टच शिफ्ट असतात आणि परीक्षांच्या दिवसांत एकही नसते.

*इशारा:* पुण्या-मुंबईतला एखादा कन्सल्टंट "प्रत्येक ॲडमिशनमागे कमिशन देतो, तुम्ही आमचे ॲम्बॅसडर व्हा" म्हणाला, तर नाही म्हणा. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, आणि कमिशनवर काम करणं त्यातच मोडतं. पैसे भारतातल्या खात्यात आले म्हणून ब्रिटनमध्ये बसून केलेलं काम भारतात झालं असं होत नाही. पैसे घेऊन केलेल्या इन्स्टाग्राम रील्सनाही हेच लागू.

टप्पा २: घरून निघण्याआधीची तयारी

तीन गोष्टी घरी करून ठेवल्या तर इथे आल्यावर पंधरा दिवस वाचतात.

१. *नावाचा मेळ.* आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र 'गिव्हन नेम'मध्ये असतं आणि आडनाव वेगळं. विद्यापीठाच्या नोंदीत वडिलांचं नाव गळतं, ई-व्हिसावर राहतं, बँकेत तिसरंच काहीतरी होतं. मग पगार विभाग विचारतो, ही दोन माणसं की एक? प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवर आहे तसंच नाव द्या.

२. *गेल्या ५ वर्षांचे पत्ते.* पिन कोड आणि महिन्यांसकट. शाळकरी मुलांच्या निवासी शिबिरासारख्या कामांना डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी लागते आणि तिच्या फॉर्ममध्ये हे पत्ते भरावे लागतात. कोथरूडच्या पीजीतून कर्वेनगरला कधी हललो, हे लंडनच्या वेळेनुसार रात्री अकराला आईला फोन करून विचारायची वेळ येऊ देऊ नका.

३. *एका पानाचा सीव्ही.* फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, 'वरील माहिती खरी आहे'ची सही, हे सगळं काढा. तो बायोडाटा झाला.

टप्पा ३: फॉर्म भरणं

भरती बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात असते. जाहिरात विद्यापीठाच्या करिअर पोर्टलवर किंवा आतल्या ईमेलवर येते. विद्यापीठाचा मेलबॉक्स न बघण्याची सवय इथेच महागात पडते.

फॉर्ममध्ये दोन-तीन प्रश्न असतात आणि त्यांपैकी एक नक्की असा: अनोळखी माणसांना मदत केल्याचं उदाहरण द्या. यावर आपली मुलं "माझ्याकडे उत्तम संवादकौशल्य आणि नेतृत्वगुण आहेत" असं लिहितात आणि फॉर्म बाजूला पडतो. त्यापेक्षा घडलेलं लिहा. एका ज्युनिअरने लिहिलं होतं की कॅप राउंडच्या दिवसांत तो कॉलेजच्या मदत खिडकीवर बसायचा. एक शेतकरी बाप कागदांची पिशवी घेऊन आला, कोणता कागद कुठे लावायचा ते कळेना. यानं तिथंच जमिनीवर कागद मांडले, मूळ एकीकडे, झेरॉक्स एकीकडे, आणि कमी असलेल्या कागदाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. पाच ओळींचं उत्तर. निवड झाली.

गणपती मंडळात दोरी धरून गर्दी सांभाळली असेल तर तेही बिनधास्त लिहा. दहा दिवस चालणाऱ्या सार्वजनिक उत्सवात रांग लावणं, हरवलेलं मूल घोषणा करून आईकडे पोचवणं, हे ओपन डेच्या कामाच्या इतकं जवळचं आहे की त्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

टप्पा ४: निवडीचा दिवस

मुलाखत सहसा गटात होते. सहा-आठ जणांना एक प्रसंग देतात: पाऊस सुरू झालाय, टूर गाईड कमी आलेत, दारात पालक खोळंबलेत, काय कराल? आणि प्रत्येकाला दोन मिनिटं कशावर तरी बोलायला लावतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे ग्रुप डिस्कशनचा आपला क्लासमधला सराव: पहिला शब्द आपला, शेवटचा आपला, मधले जमतील तितके. इथे परीक्षक याच्या उलट गोष्ट शोधत असतात. गप्प बसलेल्याला "तुला काय वाटतं?" असं कोण विचारतं, घड्याळाकडे कोण बघतं, हे टिपलं जातं. दोन मिनिटांच्या भाषणात विद्यापीठाचं रँकिंग सांगू नका; ते त्यांनीच छापलेलं असतं.

*तपासणी:* 'सर', 'मॅडम' बाजूला ठेवून पहिल्या नावाने हाक मारायची सवय झाली का? जीभ अडखळते, पण आठवडाभरात जमतं.

टप्पा ५: पहिल्या शिफ्टआधीचे कागद

निवडीचा मेल आला म्हणजे काम लागलं, असं नाही. कामाच्या हक्काची तपासणी पूर्ण होईपर्यंत एक तासही काम करता येत नाही, ट्रेनिंगसुद्धा नाही, कारण ट्रेनिंगचेही पैसे मिळतात. क्रम असा ठेवा:

१. ई-व्हिसाच्या खात्यात लॉगिन करा. पासपोर्ट बदलला असेल तर नवा नंबर आधी जोडा.

२. शेअर कोड, म्हणजे तुमचा हक्क ऑनलाइन तपासता यावा म्हणून दुसऱ्याला द्यायचा कोड, काढा आणि त्याचं पहिलं अक्षर बघा. कामासाठीचा कोड 'डब्ल्यू'ने सुरू होतो. घरमालकाला दिलेला कोड 'आर'ने सुरू होतो आणि तो इथे चालत नाही. सांगलीकडची एक मुलगी घरमालकाचाच कोड पाठवून दहा दिवस वाट बघत बसली. तोवर पहिल्या ओपन डेच्या शिफ्ट वाटूनही झाल्या. कोड ९० दिवस चालतो, म्हणून फार आधी काढून ठेवू नका.

३. बँक खातं स्वतःच्या नावाचं हवं. रूममेटच्या खात्यात पगार घेऊ नका. खात्यासाठी लागणारं पत्र विद्यापीठ देतं, ते पहिल्याच आठवड्यात मागा.

४. नॅशनल इन्शुरन्स नंबरसाठी, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याच्या नोंद क्रमांकासाठी, सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा. तो फुकट असतो, त्याचे पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. नंबर यायला काही आठवडे लागतात, पण कामाचा हक्क सिद्ध झाला असेल तर तो येण्याआधीही काम सुरू करता येतं. "नंबर नाही म्हणून शिफ्ट सोडली" हे मी दरवर्षी ऐकतो.

५. स्टार्टर चेकलिस्ट. नव्या नोकरीत कर ठरवण्यासाठी भरायचा हा साधा दिसणारा फॉर्मच टॅक्सचा घोळ घालतो. चालू करवर्षातली, म्हणजे ६ एप्रिलनंतरची, पहिलीच नोकरी असेल तर 'ए'. आधी दुसरी होती पण आता हीच एक असेल तर 'बी'. दुसरी नोकरी अजून चालू असेल तर 'सी'. घाईत 'सी'वर खूण केली तर पहिल्या पौंडापासून २० टक्के कर कापला जातो.

त्याच फॉर्ममध्ये स्टुडंट लोनचा प्रश्न आहे. तो ब्रिटिश सरकारी कर्जाबद्दल आहे. तुमचं भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज, घर तारण ठेवून काढलेलं का असेना, इथे येत नाही. उत्तर 'नाही'.

टप्पा ६: तासांची बेरीज

हा टप्पा सावकाश वाचा. इथली चूक ना मॅनेजर निस्तरू शकतो ना विद्यापीठ.

सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. सरासरी नाही. या आठवड्यात २४ आणि पुढच्या आठवड्यात १६ केले तर पहिल्या आठवड्यात नियम मोडला, विषय संपला. सगळ्या नोकऱ्या मिळून २० तास, आणि बिनपगारी नोकरीचे तासही त्यात धरतात.

उदाहरण घ्या. मंगळवार-गुरुवार सुपरमार्केटमध्ये ६-६ तास, झाले १२. शनिवारी ओपन डे, ८ तास. बेरीज बरोबर २०. रविवारी संध्याकाळी चॅटवर अर्धा तास प्रश्नांना उत्तरं दिली आणि टाइमशीटवर चढवली. २०.५. तो अर्धा तास आता कागदावर आहे. तो चढवू नका असं मी म्हणत नाही. रविवारी चॅट उघडूच नका, सोमवारी सकाळी उघडा.

दुसरा खड्डा मास्टर्सवाल्यांचा, आणि यात दरवर्षी कुणी ना कुणी पडतंच. "उन्हाळ्याची सुट्टी लागली, आता फुल टाइम" हे पदवीच्या मुलांचं खरं आहे. एका वर्षाच्या मास्टर्सला जून ते सप्टेंबर प्रबंधाचा काळ असतो आणि तो सत्रात मोजतात. लेक्चर नाही, कॅम्पस ओस पडलाय, तरी मर्यादा २० चीच. आता ऑगस्टमधलं क्लिअरिंग आठवा. बारावीच्या समकक्ष ए-लेव्हलचा निकाल महिन्याच्या मध्यावर एका गुरुवारी लागतो. गुरुवारी ९ तास, शुक्रवारी ८, शनिवारी ६: झाले २३. शेजारच्या टेबलावरची बीएची मुलगी तीनही शिफ्ट घेऊ शकते, तुम्ही नाही. मॅनेजरला दोघी सारख्याच दिसतात. लक्षात ठेवायचं तुम्ही.

प्रबंध लवकर जमा केला म्हणूनही मोकळीक मिळत नाही. कोर्स संपण्याची अधिकृत तारीख बघा. नाताळ आणि ईस्टरच्या सुट्ट्या तुमच्या कोर्सला सुट्टी म्हणून लागू आहेत का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पीएचडीवाल्यांना सत्र-सुट्टी हा प्रकारच नसतो. त्यांनी मंजूर रजेशिवाय २० च्या वर जाऊ नये.

व्हिसाची अट मोडली तर ते सरकारला कळवणं विद्यापीठाला भाग असतं, आणि पुढच्या ग्रॅज्युएट व्हिसाच्या, म्हणजे शिक्षणानंतर इथे काम करण्याच्या व्हिसाच्या, अर्जावरही त्याची सावली पडते.

*तपासणी:* फोनच्या कॅलेंडरचा आठवडा रविवारी सुरू होतो का? सेटिंगमध्ये सोमवार करा. माझं स्वतःचं पहिलं गणित याच कारणाने चुकलं होतं. सुदैवाने शिफ्ट घेण्याआधी लक्षात आलं.

टप्पा ७: टूर

आदल्या दिवशी रस्ता एकट्याने चालून बघा, घड्याळ लावून. मग तोच रस्ता पायऱ्या टाळून चाला. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असलेलं कुटुंब गटात असलं की "लिफ्ट कुठे आहे बरं" म्हणत सगळ्यांना ताटकळत ठेवणारा गाईड मी पाहिलाय. तो मीच होतो.

चालताना बोलू नका. थांबा, शेवटचा माणूस येईपर्यंत थांबा, वळून समोर बघा, मग बोला. मागे राहणारे बहुधा पालक असतात, आणि खरे प्रश्न त्यांच्याकडेच असतात.

तीन आकडे पाठ ठेवा: तुमच्या खोलीचं आठवड्याचं भाडं, आठवड्याला किती तास लेक्चर आणि लॅब, आणि शहरात जायला बसला किती पैसे पडतात. प्रश्न फिरून फिरून इथेच येतात.

एक प्रश्न मात्र दरवेळी येतो: "तुला इथलं काय आवडत नाही?" पहिल्या टूरला मी म्हटलं, सगळंच छान आहे. त्या बाई हसल्या आणि वळून दुसऱ्या गाईडशी बोलायला लागल्या. पुढच्या वेळी सांगितलं की रविवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या वॉशिंग मशीनसमोर रांग असते, म्हणून मी बुधवारी कपडे धुतो. सगळे हसले, आणि त्यानंतर प्रश्न थांबेनात. संस्थेचं मीठ खातो म्हणून तिचा दोष सांगायचा नाही, हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. छोटा, खरा, स्वतः काढलेल्या तोडग्यासकटचा दोष सांगा.

भाषेचे दोन खड्डे. "आय पास्ड आउट इन २०२२" म्हणालात तर समोरच्याला वाटतं तुम्हाला २०२२ मध्ये चक्कर आली; ग्रॅज्युएट झालो म्हणा. आणि शेवटी "एनी डाउट्स?" विचारू नका, ते 'काही शंका-संशय?' असं ऐकू येतं. "एनी क्वेश्चन्स?" पुरे.

*इशारा:* आलेली मुलं बहुधा अठराच्या आतली असतात. स्वतःचा फोन नंबर किंवा इन्स्टा देऊ नका, एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. एखाद्या मुलाने काळजी वाटावी असं काही सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याच दिवशी जबाबदार कर्मचाऱ्याला सांगा.

टप्पा ८: चॅट, आणि गावाकडचे मेसेज

युनिबडीसारख्या चॅटच्या प्रोफाइलवर मराठी आणि हिंदी येतं हे नक्की लिहा. नाशिक-कोल्हापूरकडची मुलं नाव बघून बरोबर शोधत येतात. आणि दुसऱ्याच मेसेजला विचारतात: "ताई, व्हिसासाठी २८ दिवस खात्यात दाखवायचे पैसे काकांच्या खात्यात चालतील का?"

याचं उत्तर तुम्हाला येत असलं तरी देऊ नका. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देण्यावर १९९९च्या कायद्याने बंधन आहे. तो अधिकृत सल्लागारांनीच द्यायचा असतो. "आमच्या वेळी चाललं होतं" हाही सल्लाच. साधं वाक्य तयार ठेवा: "व्हिसाचं मला सांगता येत नाही, आपल्या विद्यापीठाच्या व्हिसा टीमला मेल कर, हा घे पत्ता. खोली, जेवण, अभ्यास यांचं काहीही विचार." मुलं रागावत नाहीत. उलट "मिक्सर आणू का?" इथून गप्पा सुरू होतात, आणि ते उत्तर मनसोक्त द्या.

"माझे ६८ टक्के आहेत, मिळेल का ॲडमिशन?" हाही तसाच प्रश्न. नाही म्हटलंत आणि त्याला मिळालं असतं, किंवा हो म्हटलंत आणि मिळालं नाही, तर दोन्हीकडून तुमचंच नाव येतं. ॲडमिशन ऑफिसकडे पाठवा.

मात्र हे संभाषण ठरलेल्या चॅटवरच ठेवा. व्हॉट्सॲपवर नेलंत तर त्याचे तास लागत नाहीत आणि रात्री दोनला फोन वाजतो.

टप्पा ९: टाइमशीट आणि पगाराची स्लिप

शिफ्ट संपली की बसमध्येच टाइमशीट भरा. महिन्याची एक कटऑफ तारीख असते. ती चुकली की पैसे पुढच्या महिन्यात. सुरुवात-शेवट खरे लिहा, न मिळालेला पगारी ब्रेक लावू नका. ६ तासांहून मोठ्या शिफ्टमध्ये २० मिनिटांची सलग विश्रांती हा कायद्याने हक्क आहे. तिचे पैसे मिळतात की नाही, हे करारात लिहिलेलं असतं.

पहिली स्लिप आली की चार ओळी बघा:

१. तासाचा दर. १ एप्रिल २०२६ पासून २१ वर्षं आणि वरच्यांना किमान वेतन १२.७१ पौंड आहे, १८ ते २० वयाला १०.८५. त्याहून कमी दिसलं तर विचारा.

२. सुट्टीचे पैसे. अनियमित तासांच्या कामावर कमाईच्या १२.०७ टक्के किमान. काही ठिकाणी दर महिन्याला वेगळ्या ओळीत येतात, काही ठिकाणी साठत जातात आणि मागावे लागतात. मागत कुणी नाही.

३. टॅक्स कोड. १२५७एल असेल तर निश्चिंत राहा. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत आयकर नाही. 'बीआर' किंवा '०टी' दिसला तर टप्पा ५ मधली स्टार्टर चेकलिस्ट चुकली किंवा पोचलीच नाही. करखात्याला ऑनलाइन कळवा. जादा कापलेलं परत येतं.

४. नॅशनल इन्शुरन्स. एका नोकरीत महिन्याला १,०४८ पौंडांच्या वर कमाई गेली तरच कापतात. हे परत मिळत नाही, त्यामुळे कुणी 'क्लेम करून देतो' म्हणालं तर पैसे देऊ नका.

टप्पा १०: काम सोडताना

मॅनेजरला लेखी कळवा आणि पी४५, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारा पगार-कराचा दाखला, मागून घ्या. पुढची नोकरी इथेच लागली तर पहिल्या दिवशी तोच मागतील. कायमचं भारतात परतत असाल आणि कर जादा कापला असेल तर पी८५, म्हणजे देश सोडत असल्याचा करखात्याचा फॉर्म, भरा. साठलेल्या सुट्टीचे पैसे शेवटच्या पगारात आले का, ते बघा. आणि हे सगळं विद्यापीठाचं लॉगिन बंद होण्याआधी करा. सगळ्या स्लिपा, ५ एप्रिलला नोकरीत असाल तर पी६० (वर्षाच्या पगार-कराचा दाखला), आणि सुट्ट्यांबद्दल आलेला तो मेल, हे स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. लॉगिन गेल्यावर पगाराची एक जुनी स्लिप मिळवायला मला तीन आठवडे आणि सात मेल लागले.